वर्गात वेब वापरताना: स्टाफरूममध्ये हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. वर्गासाठी इंटरनेट बऱ्यापैकी वापरते, म्हणून आमच्या स्टाफरूममधले आणि वाशी-नेरुळकडच्या कॉलेजांतले ओळखीचे प्राध्यापक अडलं की मला फोन करतात. प्रश्न साधारण तेच असतात. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवून घसा बसला, तेव्हा उत्तरं एकदाच लिहून काढली. मी कॉम्प्युटरची माणूस नाही. इथे आहे ते करून पाहिलेलं आहे, आणि बरंचसं आधी चुकून पाहिलेलं.

खडू-फळ्यावर माझं उत्तम चाललंय. मग हा खटाटोप कशाला?

फळा सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. समोच्च रेषा मी अजून फळ्यावरच काढते. डोंगर एकेका रेषेनं उभा राहताना मुलांना दिसावा लागतो. प्रोजेक्टरवर तो एका क्लिकमध्ये अवतरतो आणि कुठून आला ते कुणालाच कळत नाही.

वेब लागतं ते त्या दिवशी वर्गात नसलेल्यांसाठी. आपल्याकडे सकाळच्या लेक्चरला कसारा, कर्जत, बदलापूरहून मुलं येतात. जुलैत कुठेतरी रुळावर पाणी आलं की निम्मे बाक रिकामे. काही जण रबाळे-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करून येतात आणि पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवण्याची कसरत करत असतात. अशा मुलाच्या हाती शेवटी काय लागतं? मैत्रिणीच्या वहीचा तिरका, अंधुक फोटो, त्यात तिचा अंगठा. त्याऐवजी तुम्ही लिहिलेलं एक नीट पान त्याला मिळावं, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

सुरुवात कुठून करू?

एका पानापासून. खरंच एकाच. गुगल साइट्सवर किंवा क्लासरूमवर विषयाच्या नावानं जागा करा आणि प्रत्येक तासानंतर त्यात चार ओळी टाका: आज काय झालं, पुस्तकात ते कुठल्या पानावर आहे, काय पाहायचं (एकच लिंक, सात नव्हेत) आणि पुढच्या तासाला काय विचारणार. रोज सात-आठ मिनिटं लागतात. मी हे स्टाफरूममध्ये चहा निवेपर्यंत उरकते.

सुट्टीत बसून अख्ख्या सेमिस्टरचं साहित्य आधीच चढवून ठेवायचा मोह आवरा. मी एकदा ते केलं. ऑगस्टपर्यंत माझं शिकवणं आणि साइट यांची ताटातूट झाली होती, आणि मुलांनी साइट उघडणं सोडून दिलं होतं.

गुगल क्लासरूम घेऊ की मूडल? आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहेच की!

मूडल हे मार्टिन डुगियामस या ऑस्ट्रेलियन माणसानं २००२मध्ये आणलेलं, ऑनलाइन वर्ग चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि हवं तसं वाकवता येतं. प्रश्नपेढी करून त्यातून प्रत्येक मुलाला वेगळे प्रश्न देणं, ठरावीक गुण मिळाल्याशिवाय पुढचा धडा न उघडणं, हे त्यात फार छान होतं. पण ते कुठल्या तरी सर्व्हरवर बसवावं लागतं, वेळोवेळी अद्ययावत करावं लागतं, बॅकअप घ्यावा लागतो. हे सगळं करणारा माणूस कॉलेजात पगारावर असेल तर मूडल जरूर घ्या. "आमच्या आयटीचे एक सर बघतील" यावर विसंबून असाल तर घेऊ नका, कारण ते सर पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात असतील.

गुगल क्लासरूम २०१४पासून आहे. त्यात हुशारी कमी आहे पण डोकेदुखीही कमी. सबमिशन आलं की वेळेची नोंद होते, "मॅडम, मी दिलं होतं" हा वाद संपतो. आपल्यापैकी बहुतेकांना एवढं पुरतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय ते मोकळेपणानं सांगते. तास रद्द झाला, खोली बदलली, हे कळवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. नोट्स ठेवायला मात्र ते अडगळीची खोली आहे: गेल्या आठवड्याची फाइल आज सापडत नाही, मध्ये दोनशे "ओके मॅडम" आणि गणपतीचे शुभेच्छासंदेश. शिवाय साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक मुलीचा नंबर सगळ्या वर्गाला दिसतो. त्यावरून होणारा त्रास मुली आपल्याला सहसा सांगत नाहीत, म्हणून तो होत नाही असं धरून चालू नका. ग्रुप हवाच असेल तर कम्युनिटी करा. तिच्यातल्या घोषणांच्या गटात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

पण मुलांकडे लॅपटॉप कुठे असतात?

नसतात. म्हणूनच पान लिहिताना मी नेहमी एकच माणूस डोळ्यांसमोर आणते: डोंबिवलीहून दारात उभा राहून येणारा, एका हातानं वरची कडी धरलेला, दुसऱ्या हातात तडा गेलेला मोबाइल. त्याला एका अंगठ्यानं वाचता आलं पाहिजे.

पहिल्या वर्षी मी माझ्या हस्तलिखित नोट्सची चाळीस पानं झेरॉक्सवाल्याकडून रंगीत स्कॅन करून घेतली आणि अभिमानानं चढवली. फाइल झाली ४८ एमबीची. आठवडाभरानं शहापूरकडच्या एका मुलीनं दारात गाठून हळूच विचारलं, "मॅडम, ती फाइल अर्ध्यात थांबते. झेरॉक्स मिळेल का?" तेव्हा हिशेब मांडून पाहिला. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. एका पानावर दीड हजार चिन्हं धरली तरी चाळीस पानांचे १८० केबी होतात. म्हणजे तोच मजकूर टाइप केला असता तर अडीचशेपटीहून हलका. वर शोधता येतो, अक्षर मोठं करता येतं.

टाइप करायला वेळ नसेल तर स्कॅन करा, पण काळं-पांढरं, १५० डीपीआयला, आणि एका धड्याची एक फाइल. चढवल्यावर ती स्वतःच्या मोबाइलवर, कॉलेजचं वायफाय बंद करून उघडून बघा. मी संध्याकाळच्या लोकलमध्ये बघते. मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना माझं नेट हमखास अडखळतं. तिथे जे पान उघडतं ते कुठेही उघडतं.

(गंमत अशी की ऐरोली-महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, निम्म्या देशाचे फोटो आणि बँकखाती तिथल्या थंड खोल्यांत असावीत. त्याच पट्ट्यातून ट्रान्स-हार्बरनं येणारा माझा विद्यार्थी "मॅडम, रेंज नव्हती" म्हणतो, आणि खरं बोलत असतो.)

माझ्या जुन्या नोट्स श्रीलिपी / शिवाजी फॉण्टमध्ये आहेत. मोबाइलवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

हा प्रश्न मराठी माध्यमात शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

त्या जुन्या फॉण्टमध्ये फाइलच्या पोटात मराठी नसतंच. तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. फॉण्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. तुमच्या कॉम्प्युटरवर मुखवटा आहे, मुलाच्या मोबाइलवर नाही, म्हणून खालचा चेहरा उघडा पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे ते कुठेही मराठीच दिसतं आणि गुगललाही सापडतं.

रूपांतर करून देणारी साधनं ऑनलाइन फुकट मिळतात. मजकूर चिकटवायचा, जुना फॉण्ट निवडायचा, नवा मजकूर उचलायचा. पण नंतर डोळ्यांखालून घालावाच लागतो. रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व इकार शेजारच्या घरी जातो, आणि ऱ तर हमखास मरतो. माझ्या सह्याद्रीच्या धड्यात "खोल दऱ्या" होत्या, त्यांच्या झाल्या "खोल दर्या". एका मुलानं चाचणीत प्रामाणिकपणे लिहिलं की सह्याद्रीच्या पूर्वेला खोल समुद्र आहे. गुण कापायला हात धजावला नाही, कारण चूक माझ्या पानावर होती.

नवं टाइप करताना ऱ साठी वेगळी कळ आहे हे लक्षात ठेवा. इनस्क्रिप्टमध्ये र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टबरोबर दाबली की ऱ. इनस्क्रिप्ट शिकायला मला तीन आठवडे लागले, पण आता मुलांपेक्षा वेगानं टाइप करते, तेवढीच फुशारकी. फॉण्टसाठी मुक्त परवान्याचे "मुक्त" किंवा "नोटो" या नावांचे फॉण्ट घ्या. दोन्हींत जोडाक्षरं व्यवस्थित बसतात.

नुसत्या नोट्स चढवणं झालं. प्रत्यक्ष शिकवण्यात वेबनं काय फरक पडतो? एखादं उदाहरण द्या.

एसवायला (पदवीच्या दुसऱ्या वर्षाला) "नागरीकरण" शिकवताना मी गुगल अर्थचा टाइमलॅप्स लावते. १९८४पासूनची उपग्रहचित्रं वर्षानुवर्षं पुढे सरकतात. नकाशा बेलापूरवर आणायचा आणि काही न बोलता सोडून द्यायचा.

सुरुवातीला खाडी, मिठागरं, पारसिकचे डोंगर आणि वाशीजवळ थोडी वस्ती. मग राखाडी ठिपके येतात, ते चौकोन होतात, चौकोनांची जाळी होते. लोकल वाशीपर्यंत आली १९९२मध्ये. त्यानंतरच्या वर्षांतला करडा रंग पाहा, असं मी एवढंच सांगते. शेवटी शेवटी उलव्याची टेकडी नाहीशी होते, नदीचा प्रवाह वळतो आणि विमानतळाची सपाट पट्टी उमटते. वर्गात त्या वेळी पंख्याचा आवाज ऐकू येतो.

खरी मजा प्रश्नांत आहे. एका वर्षी कोपरखैरण्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमचं घर दिसत नाही." का दिसत नाही? त्या मालिकेतली जुनी चित्रं लँडसॅट उपग्रहाची आहेत आणि त्यांचा एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद असतो. म्हणजे ९०० चौरस मीटरचा मिळून एकच रंग. तेवढ्यात त्यांच्या ओळीतली बैठी घरं कितीतरी बसतात. आम्ही सगळे खाली मैदानात गेलो, टेपनं ३० मीटरचा चौकोन आखला आणि त्यात साठ मुलं उभी केली. "आता तुम्ही सगळे मिळून एक ठिपका." रेझोल्यूशन हा शब्द त्यानंतर मला त्या बॅचला समजवावा लागला नाही.

दुसऱ्या एकीनं विचारलं, "इतक्या वर्षांत नवी मुंबईत एकदाही पाऊस पडला नाही का? सगळीकडे लख्ख ऊन." उत्तम प्रश्न. प्रत्येक वर्षाचं चित्र अनेक दिवसांच्या चित्रांतून ढग वगळून जोडलेलं असतं, म्हणजे आपण जे बघतो ते कुठल्याही एका दिवसाचं छायाचित्र नव्हे. उपग्रहचित्र हा "पुरावा" म्हणून मिरवला जातो त्या काळात टीवायच्या मुलाला एवढं माहीत असायला हवं.

त्यानंतरचं काम गटागटानं. प्रत्येक गटाला ठाण्याचा एक तलाव: मासुंदा, कचराळी, रायलादेवी, उपवन. ओपनस्ट्रीटमॅपवर त्याचा काठ आणि आसपासची वस्ती तपासायची, प्रत्यक्ष चालत जाऊन यायचं आणि नकाशात जे नाही ते भरायचं. हा नकाशा २००४पासून जगभरचे स्वयंसेवक भरताहेत. आपल्या मुलांनी टाकलेली पायवाट दुसऱ्या दिवशी कुणालाही दिसते. सबमिशनचं जर्नल वर्षाअखेर रद्दीत जातं. ही पायवाट राहते, आणि मुलांना ते कळतं. एरवी जर्नलला कंटाळणारी मुलं मासुंद्याचा घाट नकाशात नीट बसावा म्हणून दोनदा जाऊन आली.

माझा विषय भूगोल नाही. माझ्यासाठी काय?

पटकन सांगते. भौतिक, रसायन: कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट हे आभासी प्रयोग, मोबाइलवर चालतात, बरेच मराठीतही आहेत. कॉम्प्युटर सायन्स, आयटी: पवईच्या आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, दहाएक मिनिटांचे धडे, मराठी आवाजातही. एक खिडकी धड्याची, शेजारी दुसरी स्वतः करून बघायची, अशीच त्यांची रचना आहे. वाणिज्य, अर्थशास्त्र: रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची आकडेवारी उतरवून घ्या आणि मुलांना आलेख स्वतः काढायला लावा, पुस्तकातला आलेख पाच वर्षं जुना असतो. मराठी: मोल्सवर्थचा १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. आमच्या मराठीच्या मॅडम मुलांना आजीच्या तोंडचा एक शब्द आणायला सांगतात आणि तो मोल्सवर्थात शोधायला लावतात. मला हा तास फार आवडतो, एकदा मागच्या बाकावर जाऊन बसले होते. सगळ्यांसाठी: मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे आणि विकिपीडियाआधी तो उघडायची सवय लावावी.

लेक्चर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू का?

अठ्ठेचाळीस मिनिटांचं अख्खं लेक्चर कुणी बघत नाही. स्वतःचं तुम्हीसुद्धा बघणार नाही. मुलं जिथे दरवर्षी अडकतात तेवढाच भाग घ्या, सहा-सात मिनिटं, कागदावर वरून मोबाइल धरून. चित्र साधं चालतं, आवाज खराब चालत नाही. पंखा बंद करा, आणि घोडबंदर रोडला राहत असाल तर खिडकीही.

यूट्यूबवर व्हिडिओ "अनलिस्टेड" ठेवला म्हणजे तो खासगी झाला असं नव्हे. लिंक ज्याच्या हाती पडली त्याला ते दिसतं. म्हणून मुलांचे चेहरे, हजेरी, नावं रेकॉर्डिंगमध्ये येऊ देऊ नका. अकरावी-बारावीला शिकवत असाल तर आणखी जपा: २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालचे सगळे मूलच धरले आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे.

ऑनलाइन चाचणीत सगळे कॉपी करतात. काय करायचं?

पाठांतराचे प्रश्न ऑनलाइन विचारायचेच नाहीत. "खाडीची व्याख्या लिहा" याचं उत्तर गुगल तीन सेकंदांत देतं. त्याऐवजी: "ठाणे खाडी २०२२मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झाली. खाडीच्या ऐरोलीकडच्या काठाचा नकाशा उघडा आणि पाणथळीवर ताण आणणाऱ्या तीन गोष्टी त्यावर दाखवा." पुस्तक उघडं, नेट उघडं, मित्राशी बोला हवं तर. उत्तर तरीही स्वतःच्या डोळ्यांनी शोधावं लागतं.

वेळेचं म्हणाल तर वीस मिनिटांच्या चाचणीसाठी मी चोवीस तासांची मुदत ठेवते. आधी सकाळी आठ म्हणजे आठ असं होतं. एकदा ओव्हरहेड वायर तुटली आणि अर्धा वर्ग दिवा स्टेशनाजवळ गाडीत अडकून मोबाइलवर पेपर देत होता. बॅटरी संपलेल्यांनी रडवेल्या आवाजात फोन केले. मुदत त्या दिवसापासून बदलली.

चॅटजीपीटीनं लिहिलेलं सबमिशन ओळखणारं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

कुठलंच नको. ज्या कंपनीनं २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आणलं तिनंच ते ओळखणारं साधनही काढलं होतं आणि अचूकता कमी म्हणून २०२३च्या जुलैत मागे घेतलं. अशा साधनाच्या टक्केवारीवरून एखाद्या मुलाला लबाड ठरवणं मला पाप वाटतं. तेही आपल्या मुलांना, ज्यांचं इंग्रजी गाइड वाचून वाचून आधीच गाइडसारखं झालेलं असतं.

सबमिशन घेताना दोन मिनिटं समोर उभं करा. "हा दुसरा परिच्छेद तुझ्या शब्दांत सांग." लगेच कळतं. माझ्याकडे आलेल्या एका अहवालात उपवन तलाव "नदीच्या मुखाशी वसलेला" होता. लिहिणारा वर्तकनगरात राहतो, उपवनावर रोज संध्याकाळी वडापाव खातो. मी फक्त विचारलं, "कुठली रे नदी?" तो हसला, मी हसले, आणि पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःचं लिहून आणलं. अर्ध्या पानाचं होतं, पण त्याचं होतं.

मसुदा सुधारायला, इंग्रजी वाक्य नीट करायला त्यानं यंत्राची मदत घेतली तर मी अडवत नाही. कुठे घेतली ते शेवटी दोन ओळींत लिहायला लावते.

पुस्तकातला धडा स्कॅन करून टाकला तर कॉपीराइटचा भंग होतो का?

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं वा विद्यार्थ्यानं केलेल्या नकलेला सूट आहे. दिल्ली विद्यापीठाबाहेरच्या झेरॉक्स दुकानावर प्रकाशकांनी खटला भरला होता, तेव्हा २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अभ्यासक्रमाला लागणाऱ्या उताऱ्यांचे संच करण्याच्या बाजूनं निकाल दिला. माझा व्यवहार असा: लागणारं प्रकरण, फक्त वर्गाच्या बंद जागेत, लेखक-प्रकाशकाचं नाव वर लिहून. अख्खं पुस्तक नाही, आणि जगाला उघड्या पानावर तर मुळीच नाही. मराठी प्रकाशकांची आवृत्ती किती प्रतींची असते हे ठाऊक असेल तर कायद्याआधी मनच अडवतं.

स्वयमवरचा कोर्स मुलांनी केला तर क्रेडिट मिळतं का?

स्वयम हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ २०१७मध्ये सुरू झालं. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयमवरून करता येतात. पण कुठला कोर्स कशाच्या बदल्यात हे विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. म्हणून मुलांनी नाव नोंदवण्याआधी परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. तोंडी "होईल होईल" वर विसंबलेली मुलं नंतर आपल्याच टेबलापाशी येऊन उभी राहतात.

वर्गात एक दृष्टिहीन मुलगा आहे. त्याच्यासाठी वेगळं काय करावं लागेल?

वेगळं फार थोडं. एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट आहे आणि मराठी वाचतो. त्याला टाइप केलेला युनिकोड मजकूर वाचता येतो. स्कॅनचा फोटो त्याच्या लेखी कोरा कागद. जुन्या फॉण्टमधला मजकूर तो इमानेइतबारे रोमन अक्षरं म्हणून वाचतो, ते ऐकणं हा एक भयंकर अनुभव आहे. शीर्षकांना शीर्षकाची शैली द्या, नुसतं ठळक करू नका, म्हणजे तो एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. चित्राखाली एक वाक्य लिहा. "आकृती ३" हे वाक्य नव्हे. "कळव्याच्या बाजूनं खाडी अरुंद होत जाते" हे वाक्य.

हे सगळं केलं तेव्हा माझं पान सगळ्यांनाच जास्त वाचनीय झालं, आणि लोकलमध्ये कानात इअरफोन घालून नोट्स ऐकणारी तीन डोळस मुलंही सापडली.

इंटर्नलच्या गुणांची शीट सगळ्यांना शेअर करू का? पारदर्शकता म्हणून.

नको! हात जोडते.

मी केली होती. वर "लिंक असणारा कुणीही बदल करू शकेल" असं राहून गेलं. कुणीतरी उत्सुकतेपोटी फक्त गुणांचा रकाना चढत्या क्रमानं लावला, नावं जागच्या जागी राहिली. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला २०पैकी ४ आणि सेमिस्टरभर न फिरकलेल्याला १९. त्यानं तर पेढेही आणले. आवृत्त्यांच्या इतिहासात जाऊन आदल्या रात्रीची शीट परत मिळाली म्हणून निभावलं. पेढे परत करायचा प्रश्न नव्हता, ते संपले होते. गुण क्लासरूममधून ज्याचे त्याला कळवा. इतरांचे गुण दिसणं म्हणजे पारदर्शकता नाही, ते चव्हाट्यावर मांडणं आहे.

मी तासिका तत्त्वावर आहे. उद्या कॉलेज सुटलं तर केलेलं सगळं जाईल का?

कॉलेजच्या ईमेलवर केलं असेल तर जाईल. खातं बंद झालं की साइट, फाइली, चाचण्या सगळं त्याच्याबरोबर जातं. पूर्ण वेळ नोकरीत असाल तरी निवृत्तीच्या महिन्यात हेच होणार आहे. शिवाय गुगलनं शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करून प्रत्येक संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा घातली, तेव्हापासून कॉलेजंही जुनी खाती साफ करतात. मूळ प्रत स्वतःच्या खात्यावर ठेवा आणि कॉलेजच्या खात्याला ती शेअर करा. स्वतःचं खातंही दोन वर्षं न उघडता ठेवू नका, निष्क्रिय खाती गुगल काढून टाकतं. एक प्रत पेनड्राइव्हवर. मुलांची नावं-गुण मात्र तुमच्या खासगी खात्यात नेऊ नका, ते तुमचे नाहीत.

जुन्या लिंक चालेनाशा होतात. दरवर्षी तपासायच्या का?

हो, जूनमध्ये एकदा. २०२० संपता संपता ॲनिमेशन चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर बंद झालं आणि माझे भूकंपलहरींचे सगळे आवडते ॲनिमेशन एका रात्रीत गेले. ज्यावर अख्खा तास उभा आहे अशी लिंक इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवा, एका क्लिकचं काम आहे. सरकारी संकेतस्थळांवरच्या पीडीएफ तर सापडल्या त्याच दिवशी उतरवून घ्या. साइटचं रूप बदललं की त्या परत दिसत नाहीत.

नॅकसाठी (कॉलेजांच्या मूल्यांकनासाठी) "आयसीटीचा", म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाचा, वापर दाखवायचाय. किती स्क्रीनशॉट लागतील?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे, दर वेळी भेटीच्या पंधरा दिवस आधी. रोज चार ओळी लिहिल्या असतील तर तारखांसह पान तयारच असतं, लिंक द्या. लिहिल्या नसतील तर मी काही मदत करू शकत नाही.

मुलं ही पानं खरंच वाचतात का?

सेमिस्टरभर फारशी नाही. अंतर्गत परीक्षेच्या आदल्या रात्री दहानंतर मात्र सगळी येतात, एकदम, लग्नाच्या पंगतीला यावीत तशी. त्या रात्री मी पानाखाली प्रश्न विचारायची जागा उघडी ठेवते आणि साडेअकरापर्यंत उत्तरं देते. गेल्या खेपेला शेवटचा प्रश्न आला, "मॅडम, खाजण म्हणजेच पाणथळ का?" मी उत्तर टाइप करत होते तेवढ्यात दिघ्याच्या एका मुलानं आधीच लिहून टाकलं होतं, मी लिहिलं असतं त्यापेक्षा सोपं. मी त्याच्याखाली "बरोबर" एवढंच लिहिलं आणि झोपायला गेले.